पानं झोपतात, तेव्हा घड्याळ कोण बघतं?

‘तिन्हीसांज झाली, आता झाडाला हात लावू नका. झाड झोपलंय!’

मुलांनो, हे वाक्य तुम्ही घरात कधी ना कधी ऐकलं असेलच. संध्याकाळी कुणी तुळशीची पानं खुडायला निघालं, की आजीनं हटकलंच म्हणून समजा. मग तुमच्यातलाच एखादा हळूच विचारतो, ‘झाडाला डोळे नाहीत, पापण्या नाहीत. मग ते झोपणार कसं?’

प्रश्न बरोबर आहे. पण आजीचं म्हणणंही अगदीच वाऱ्यावर सोडून देण्यासारखं नाही बरं का! काही झाडं संध्याकाळी खरोखरच पानं मिटून घेतात आणि सकाळी पुन्हा उघडतात. कशी? आणि कशासाठी? आज याच प्रश्नाच्या मागे लागू या. त्यासाठी आधी पुस्तक नको, चपला घाला!

चला, जरा बाहेर

समजा, तुम्ही पनवेलच्या खांदा कॉलनीत राहता. (दुसरीकडे राहत असाल तरी काही बिघडत नाही. ही झाडं सगळीकडे आहेत.) संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमाराला घरातून निघा. अजून चांगलं ऊन असतं. खांदेश्वर स्टेशनवर लोकलमधून उतरलेली मंडळी घराकडे निघालेली असतात. तुम्ही मात्र माणसांकडे न बघता झाडांकडे बघा.

रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात किंवा एखाद्या बागेत रेन ट्री, गुलमोहर, चिंच, शिरीष, सुबाभूळ यांपैकी एखादं तरी झाड सापडेलच. या सगळ्यांची पानं एकासारखी एक आहेत, हे लक्षात आलं का? एका दांडीला दोन्ही बाजूंनी बारीक बारीक पानं. आपण ज्याला चिंचेचं एक ‘पान’ म्हणतो, ती असते पर्णिका, म्हणजे पानाचा एक तुकडा. ती सगळी दांडी मिळून एक पान.

आता जमिनीकडे वळा. पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटवर टाकळा उगवतो. त्याची भाजी तुम्ही खाल्ली असेल. कुंडीच्या कडेला आंबुशी असते, तीन बदामी पानांची, चवीला आंबट. गावाकडे शेतात भुईमूग असतो. आणि लाजाळू तर तुम्हाला माहीतच आहे.

ही सगळी मंडळी रात्री वेगळी दिसतात. भुईमुगाच्या पर्णिका वर उठून एकमेकींना चिकटतात. आंबुशीच्या खाली झुकतात, मिटलेल्या छत्रीसारख्या. कांचनाच्या पानाचे दोन भाग पुस्तकाच्या पानांसारखे जवळ येतात. लाजाळूला तर रात्री हातही लावावा लागत नाही. ते आपलं आपणच मिटतं.

आंबा, वड, पिंपळ, अशोक मात्र रात्रीही तसेच्या तसे! त्यांची पानं मिटत नाहीत. आजीची तुळससुद्धा पानं मिटत नाही. असं का, ते आता पाहू.

देठाखालची उशी

चिंचेची किंवा लाजाळूची पर्णिका जिथे दांडीला जोडलेली असते, तिथे नीट बघा. भिंग असेल तर उत्तम. तिथे एक लहानसा फुगीर भाग दिसेल. हाच पानाचा सांधा. शास्त्रज्ञ त्याला ‘पल्व्हायनस’ म्हणतात. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ आहे उशी! झोपणाऱ्या पानाला उशी हवीच, नाही का?

आपल्या कोपराला हाडं आणि स्नायू असतात. झाडाकडे दोन्ही नाही. मग सांधा हलतो कसा? पाण्यानं!

आई काकडीची कोशिंबीर करते तेव्हा बघा. चिरलेल्या काकडीला मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळानं वाटीत पाणी सुटतं आणि काकडी मऊ पडते. पेशींच्या बाहेर मीठ जास्त झालं, म्हणून आतलं पाणी बाहेर आलं. जिकडे क्षार जास्त, तिकडे पाणी जातं. एवढा एक नियम लक्षात ठेवा. पानाच्या सांध्यात नेमकं हेच चालतं.

सांध्याच्या दोन बाजूंना दोन प्रकारच्या पेशी असतात. दिवसा एका बाजूच्या पेशींमध्ये पोटॅशियम आणि क्लोराइड हे क्षारांचे कण भरलेले असतात. त्यांच्यामागून पाणी येतं आणि त्या पेशी हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबसारख्या टम्म फुगतात. त्यांच्या रेट्यानं पान उघडं राहतं. संध्याकाळ होत आली की क्षार त्या पेशींतून बाहेर पडतात. पाणीही निघून जातं, पेशी ढिल्या पडतात. त्याच वेळी समोरच्या बाजूच्या पेशी क्षार आत घेऊन फुगतात. एक बाजू सैल, दुसरी ताठ, की सांधा वळलाच. पान मिटलं! सकाळी हाच सगळा कारभार उलटा.

हे शोधून काढण्यात अमेरिकेतल्या रूथ सॅटर या संशोधिकेचा मोठा वाटा आहे. १९७० नंतरच्या काळात त्यांनी येल विद्यापीठात आर्थर गॅल्स्टन यांच्याबरोबर हे काम केलं. आणि त्यांनी अभ्यासाला घेतलेल्या झाडांपैकी एक कोणतं होतं, ठाऊक आहे? आपल्या रस्त्यांवरचा हाच रेन ट्री! तो मूळचा अमेरिका खंडातल्या उष्ण भागातला. आपल्याकडे आला आणि इथलाच झाला.

आंबा आणि तुळस यांच्या पानांना असा हलणारा सांधा नाही. म्हणून ती मिटत नाहीत.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. पान मिटतं म्हणजे ते थकून मान टाकत नाही. पाणी न घातलेलं रोप कोमेजतं, ते वेगळं. इथे झाड क्षारांची ने-आण करायला ऊर्जा खर्च करतं. म्हणजे हे ‘झोपणं’सुद्धा एक कामच आहे!

अंधाराच्या आधीच?

तुम्ही म्हणाल, सोपं आहे. अंधार पडला की पान मिटतं, उजेड आला की उघडतं. बटण दाबलं की दिवा लागतो तसं.

थांबा! मघाशी तुम्हाला साडेपाचला, उजेड असतानाच बाहेर पाठवलं, ते उगाच नाही. रेन ट्रीची पानं सूर्य मावळायच्या आधीच मिटायला लागतात. मलेशियात या झाडाला ‘पुकुल लिमा’ म्हणतात. याचा अर्थ ‘पाच वाजले’! आणि पानं मिटणारी कितीतरी झाडं पहाटे सूर्य उगवायच्या आधीच पानं उघडू लागतात. अजून अंधारच आहे, तर त्यांना सकाळ होणार हे कळलं कसं?

हा प्रश्न फार जुना आहे. इ.स.पूर्व चौथ्या शतकात अलेक्झांडरच्या आरमारात अँड्रोस्थेनिस नावाचा अधिकारी होता. आज ज्याला बहारीन म्हणतात, त्या बेटावर त्यानं एक झाड पाहिलं. त्याची पानं रात्री मिटत आणि सूर्योदयाला उघडत. तिथल्या लोकांनी त्याला सांगितलं, ‘हे झाड झोपतं.’ अगदी आपल्या आजीसारखंच! ते झाड चिंचेचं असावं, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

पण हे झालं नुसतं बघणं. तपासून पाहणं झालं त्यानंतर दोन हजार वर्षांनी.

कपाटातलं झाड

साल १७२९. फ्रान्समध्ये द मेराँ नावाचे एक खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांचं काम आकाशाकडे बघण्याचं. पण त्यांचं लक्ष गेलं लाजाळूसारख्या एका रोपाकडे. त्यांनी काय केलं, तर ते रोप उचललं आणि जिथे उजेड पोचत नाही अशा जागी ठेवून दिलं. उजेड नाही, तर पान उघडणार नाही, असं आपल्याला वाटेल. पण झालं भलतंच! सकाळ झाली की त्या अंधारातही पानं उघडत, आणि संध्याकाळी मिटत.

केवढा साधा प्रयोग! ना यंत्र, ना पैसा. पण त्यानं मोठमोठ्यांना कोड्यात टाकलं. काहींना शंका आली, की कुठून तरी फटीतून उजेड येत असेल. किंवा दिवसा ऊब आणि रात्री गारवा, यावरून रोपाला कळत असेल. शंका घ्यायलाच हवी. विज्ञानात ते भांडण नसतं, ती पुढची पायरी असते. म्हणून सुमारे ३० वर्षांनी ड्युहामेल द्यु माँसो यांनी रोपं तळघरात नेली. तिथे उजेड नाही आणि तापमानही फारसं बदलत नाही. तरी पानांचा दिनक्रम चालूच!

मग १८३२ साली स्वित्झर्लंडचे द कँडोल यांनी उलट केलं. रोपावर दिवसरात्र दिवे लावून ठेवले. त्या सततच्या उजेडातही पानं उघडत-मिटत राहिली. पण एक फरक पडला. आता एक फेरी २४ तासांऐवजी २२-२३ तासांत पुरी होऊ लागली. म्हणजे पानं रोज थोडी थोडी लवकर उघडू लागली.

या एका आकड्यात सगळी गंमत आहे. बाहेरचा दिवस तर २४ तासांचा. रोप जर कुठून तरी चोरून बाहेरचा दिवस ओळखत असतं, तर त्याची फेरीही बरोबर २४ तासांची झाली असती. ती २२-२३ तासांची झाली, याचा अर्थ वेळ आतून येते आहे. रोपाच्या आत स्वतःचं घड्याळ आहे, फक्त ते थोडं पुढे पळतं!

घड्याळ रोज लावावं लागतं

पुढे पळणारं घड्याळ आपण काय करतो? रोज मिळवून घेतो. झाडही तेच करतं, आणि त्याला वेळ सांगतो सूर्य. रोजची पहाट आणि रोजची संध्याकाळ झाडाचं घड्याळ नीट लावून देते. आपल्या पनवेलमध्ये जूनमधला सर्वात मोठा दिवस डिसेंबरमधल्या सर्वात लहान दिवसापेक्षा सव्वादोन तासांच्या आसपास मोठा असतो. झाड एकदा लावलेल्या घड्याळावर वर्षभर विसंबून राहिलं असतं, तर त्याची फसगत झाली असती.

द कँडोल यांनी रोपांना आणखी एक चकवा दिला. दिवसा अंधार, रात्री दिवे! रोपं आधी गोंधळली, पण काही दिवसांनी त्यांनी आपला दिनक्रम उलटा करून घेतला. तुमची मावशी अमेरिकेहून आली की पहिले दोन-चार दिवस दुपारी पेंगते आणि रात्री टक्क जागी राहते ना? अगदी तेच.

मावशीचं उदाहरण उगाच दिलं नाही. असं घड्याळ फक्त पानांत नसतं. फळमाशीत आहे, उंदरात आहे, आपल्यातही आहे. फळमाशीतलं हे घड्याळ कसं चालतं, हे उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं.

ते कसं चालतं, हे बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवरून समजेल. टाकी भरत आली की तरंगणारा गोळा वर येतो आणि पाणी बंद करतो. पाणी वापरून संपत आलं की गोळा खाली जातो आणि पाणी पुन्हा सुरू होतं. पेशीतही काही प्रथिनं तयार होत जातात. ती पुरेशी साठली की स्वतःचंच उत्पादन थांबवतात. मग हळूहळू ती मोडून संपतात आणि उत्पादन परत सुरू होतं. या एका फेरीला लागतो साधारण एक दिवस! झाडांतली प्रथिनं माशीपेक्षा वेगळी आहेत, पण युक्ती हीच. आजीची तुळस पानं मिटत नसली, तरी हे घड्याळ तिच्यातही चालू असतंच.

पण एक सावधगिरी! रोज होणारी प्रत्येक हालचाल या घड्याळाचीच असेल, असं नाही. फरीदपूरला (ते आता बांगलादेशात आहे) एक खजुरीचं झाड होतं. संध्याकाळी देवळात घंटा वाजू लागल्या की ते नमस्कार केल्यासारखं वाकायचं आणि सकाळी पुन्हा उठायचं. लोक त्याला चमत्कार मानत. आपले थोर शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांनी झाडाला हालचाल टिपणारं यंत्र जोडलं आणि दाखवून दिलं, की त्याचं वाकणं-उठणं दिवसभरातल्या तापमानाच्या चढउताराशी जुळलेलं आहे. घड्याळ की तापमान, हे मोजल्याशिवाय ठरत नाही!

पण मिटायचं कशाला?

कसं, ते कळलं. आता, का? इथे मात्र गंमत आहे. इतकी वर्षं झाली, तरी सगळ्यांना पटलेलं एकच उत्तर अजून मिळालेलं नाही.

चार्ल्स डार्विन यांनी मुलगा फ्रान्सिस याच्या मदतीनं याचा अभ्यास केला आणि १८८० साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांनी काही पानं टाचण्यांनी बुचाच्या तुकड्यांवर उघडीच अडकवून ठेवली आणि रोपं थंडीच्या रात्री मोकळ्या आकाशाखाली ठेवली. मिटू न दिलेल्या पानांना थंडीचा जास्त त्रास झाला. डार्विन म्हणाले, पान मिटतं ते गारठ्यापासून वाचायला.

इंग्लंडमध्ये ठीक आहे. पण पनवेलला कुठला आलाय असा गारठा? इथे मे महिन्यात रात्रीसुद्धा घाम फुटतो, तरी चिंच पानं मिटतेच! म्हणजे डार्विनचं उत्तर सगळीकडे पुरत नाही.

जर्मन शास्त्रज्ञ एर्विन ब्यूनिंग यांनी दुसरी कल्पना मांडली. झाड रात्रीची लांबी मोजून फुलायचा हंगाम ओळखतं. चांदणं पानावर पडलं तर त्या मोजणीत घोळ होईल, म्हणून पान मिटून घेतं.

तिसरी कल्पना ऐकून तुम्हाला मजा वाटेल. पानं मिटली की झाडीत मोकळी जागा होते. मग घुबडाला खालचे उंदीर नीट दिसतात आणि पानं खाणाऱ्या किड्यांनाही लपायला जागा उरत नाही. म्हणजे झाड रात्री पडदे बाजूला सारून पहारेकऱ्यांना मदत करतं!

लाजाळूच्या स्पर्शानं मिटण्याबद्दल मात्र एक पक्का पुरावा मिळाला आहे. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी मिटूच न शकणारं लाजाळू तयार केलं आणि त्यावर नाकतोडे सोडले. २०२२ साली त्यांनी सांगितलं, की न मिटणारं लाजाळू नाकतोड्यांनी जास्त खाल्लं. पण हे झालं स्पर्शानं मिटणं. रोज रात्रीच्या मिटण्याचंही हेच कारण असेल, असं लगेच म्हणता येणार नाही.

आणि हे रात्रीचं मिटणं किती जुनं आहे? दिवाळीला कंदिलासाठी तुम्ही कागदाची घडी घालून कातरता. घडी उलगडली की दोन्ही बाजूंना सारखीच नक्षी येते, हो ना? चीनमध्ये सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांत पानांचे ठसे सापडले. त्यांवर किड्यांनी पाडलेली भोकं मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखी होती! म्हणजे किड्यानं पान खाल्लं तेव्हा ते मिटलेलं होतं. हा शोध २०२३ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉरसुद्धा आले नव्हते, पण पानं मिटत होती. आणि हेही बघा, मिटलेली असूनही किड्यांनी ती खाल्लीच. म्हणजे किड्यांपासून संरक्षण हे उत्तरही पुरतं पक्कं नाही!

तेव्हा मुलांनो, या प्रश्नावर अजून काम बाकी आहे. ते करणारा कुणी खांदा कॉलनीतला का नसावा?

करून पाहा

१. लाजाळूच्या सारख्या वाढीच्या दोन कुंड्या घ्या. एक गॅलरीत ठेवा. दुसरी मोठ्या खोक्यात ठेवून खोकं बंद करा आणि घरातल्या सर्वांत काळोख्या कपाटात ठेवा. दोन्ही कुंड्यांना आधी पाणी घाला. लाजाळू धक्क्यानंही मिटतं, म्हणून नंतर कुंडी हलवू नका.

२. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, दुपारी बाराला आणि रात्री आठला दोन्हींकडे बघा. खोकं क्षणभरच उघडा, अगदी मंद प्रकाशात. जास्त उजेड पडला तर झाडाचं घड्याळ हलेल. वहीत तारीख, वेळ आणि पान ‘उघडं, अर्धं की मिटलेलं’ हे लिहा. तीन दिवसांनंतर रोपाला उजेडात आणा. अन्न तयार करायला त्याला ऊन हवंच.

३. मोठ्या माणसांना बरोबर घेऊन संध्याकाळी एक रेन ट्री किंवा गुलमोहर शोधा, ज्याच्या एका फांदीवर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडतो आणि दुसरी अंधारात आहे. दोन्ही फांद्यांची पानं किती वाजता मिटली, ते आठवडाभर लिहा. ढगाळ दिवशी काय होतं, तेही बघा. आकाश काळवंडलं की रेन ट्री दिवसासुद्धा पानं मिटू लागतो.

आईबाबांना एक विनंती. रात्री आठला कपाट उघडून कुणी कुंडीत डोकावत असेल, तर रागावू नका. आणि मुलांनो, तुमच्याही आत घड्याळ आहे, हे विसरू नका. रात्री उशिरापर्यंत मोबाइलचा उजेड डोळ्यांवर पडला, तर ते मागे पडतं आणि सकाळी शाळेच्या वेळी डोळे उघडत नाहीत. लाजाळूचे तीन दिवस अंधारातले आहेत. तेवढे तीन दिवस तुम्हीही वेळेवर झोपून बघा, आणि सकाळी किती वाजता आपोआप जाग आली, ते त्याच वहीत, लाजाळूच्या नोंदीशेजारी लिहा.